सात वर्षांचा करार : ऑलिव्हिया डी हॅविलँड



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून एका सिनेनटीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका पाहून एक स्नेही मला म्हणालेच, 'फाटकावरच्या सभा सोडून हे काय काढलेत?' पण मी आज फाटकावरचीच गोष्ट सांगणार आहे. माझे शालेय शिक्षण बेताचे. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून, आणि इंग्रजी निकालपत्रे वाचली ती शब्दकोश मांडीवर घेऊन. तशाच वाचनात ही बाई मला भेटली.

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ चा, टोकियोतला. आईबाप इंग्रज, पण वाढली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या साराटोगा या लहानशा गावी. तिची धाकटी बहीण जोन फाँटेन हीही पुढे नामांकित नटी झाली. १९३४ साली माक्स राइनहार्ट या थोर दिग्दर्शकाने शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चा प्रयोग हॉलिवूडच्या उघड्या रंगमंचावर केला. त्यात तिला भूमिका मिळाली, आणि त्याच नाटकाच्या चित्रपटातून अठरा-एकोणीस वर्षांची ही मुलगी वॉर्नर ब्रदर्स कंपनीत दाखल झाली. 'कॅप्टन ब्लड' (१९३५) आणि 'दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' (१९३८) या चित्रपटांत एरॉल फ्लिनची नायिका म्हणून ती जगभर गाजली.

आता करार पाहा, कारण सगळी मेख तेथेच आहे. मे १९३६ पासून लागू झालेला तिचा करार एक वर्षाचा होता. आणि तो पुढे सहा वेळा वाढविण्याचा हक्क होता कंपनीला. ठेवायचे की काढायचे, हे मालकाने ठरवायचे. नटीला सोडून जाण्याची मुभा नाही. दिलेली भूमिका नाकारली की निलंबन. त्या काळात पगार बंद, दुसरीकडे काम करण्यास बंदी, आणि वर जेवढे आठवडे निलंबन, तेवढे आठवडे कराराच्या शेपटाला जोडायचे! आपल्याकडे चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाहभत्ता तरी मिळतो. तेथे शिक्षाही भोगायची आणि शिक्षेचे दिवसही भरून द्यायचे.

कंपनी तिला नटव्या, पोकळ भूमिका देई. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधली मेलनी तिला मिळाली ती दुसऱ्या निर्मात्याकडे उसनी जाऊन, आणि त्यासाठीही मालक जॅक वॉर्नर यांच्या पत्नीकडे जाऊन तिला रदबदली करावी लागली. चांगले काम कंपनीबाहेर मिळते, हे तिने ओळखले. ती भूमिका नाकारू लागली, आणि निलंबने साचत गेली. मे १९४३ मध्ये सात वर्षे भरली, तेव्हा कंपनी म्हणाली, अजून जवळजवळ सहा महिने तू आमचे देणे लागतेस.

यापूर्वी १९३६ साली बेटी डेव्हिसने याच कंपनीचा करार झुगारून इंग्लंड गाठले होते. तेथल्या न्यायालयात ती हरली आणि मुकाट्याने परत आली. आपल्याकडेही १९३९ साली पुण्यात प्रभात कंपनीच्या दारात शांता आपटे यांनी उपोषण केले होते, आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. तेव्हा असंतोष नवा नव्हता. कमी होती ती कायद्यातल्या नेमक्या फटीची.

ती फट मार्टिन गँग या वकिलांनी दाखविली. वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे नोकरावर लादता येत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचे कलम २८५५ सांगते. कंपनीचा युक्तिवाद असा की, सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. ऑलिव्हियाचे म्हणणे, सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे. तिने १९४३ मध्ये दावा लावला. दावा चालू असता जॅक वॉर्नर यांनी इतर चित्रसंस्थांना पत्रे धाडून तिला कोणी काम देऊ नये अशी तजवीज केली. दोन वर्षांच्या आसपास ती पडद्यापासून दूर राहिली. त्या युद्धकाळात ती लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांना भेटत हिंडली.

१९४४ मध्ये खालच्या न्यायालयाचा कौल तिच्या बाजूने लागला. डिसेंबरात अपील न्यायालयाने तो उचलून धरला, आणि १९४५ च्या आरंभी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची फेरविचाराची मागणी फेटाळली. त्या निकालातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. माणूस अनुभवाने आणि कौशल्याने वाढतो, तेव्हा काही काळाने धनी बदलून वर चढण्याची संधी त्याला असली पाहिजे. हा हक्क सार्वजनिक हितासाठी दिलेला आहे, म्हणून करारात सही करूनही तो सोडून देता येत नाही. वेठीच्या करारावर पोटासाठी अंगठा उठविणाऱ्या माणसाला या वाक्याचे मोल विचारा!

कोणी म्हणेल, हजारो डॉलर मिळविणाऱ्या नटीचे हे दुखणे. कामगारांशी त्याचा संबंध काय? आक्षेप अगदीच खोटा नाही. याच वॉर्नर कंपनीच्या फाटकावर ५ ऑक्टोबर १९४५ रोजी संपावरच्या सेट सजविणाऱ्या कारागिरांवर आणि त्यांच्या साथीदारांवर पाण्याचे झोत आणि अश्रुधूर सोडण्यात आले. त्या संपात नटांची संघटना उतरली नाही. निकालाने तारे सुटले, सुतार-रंगारी सुटले नाहीत. पण ज्या कलमावर ती जिंकली ते सिनेमावाल्यांसाठी केलेले नव्हते. नोकरी करणाऱ्या कोणासाठीही होते, आणि न्यायालयाने तिला नोकरदार म्हणूनच वागविले.

सुटल्यावर तिने काय केले? 'टु ईच हिज ओन' (१९४६) मध्ये अविवाहित आईची भूमिका केली आणि ऑस्कर मिळविले. 'द स्नेक पिट' (१९४८) मध्ये मनोरुग्णालयात कोंडलेल्या स्त्रीची भूमिका केली. त्यानंतर रंगभूमीवर एक नाटक पाहिले, स्वतः विल्यम वायलर या दिग्दर्शकाकडे जाऊन त्याचा चित्रपट करा म्हणून सुचविले, आणि त्या 'दि एअरेस' (१९४९) ने तिला दुसरे ऑस्कर दिले. १९५० नंतरच्या दशकात ती पॅरिसला राहावयास गेली. १९६५ साली कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची ती पहिली स्त्री-अध्यक्ष झाली. २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्येच, वयाच्या १०४ व्या वर्षी, तिचे निधन झाले. कलम २८५५ ला हॉलिवूडचे वकील 'डी हॅविलँड कायदा' म्हणतात.