एकच बार

आबा गेले त्याला आता वर्ष होईल. मागे राहिलेल्या वस्तूंची वाटणी फार अवघड गेली नाही. घड्याळ माझ्याकडे आलं, घोंगडी तात्यांकडे गेली, चष्मा कुणीच घेतला नाही. बंदूक मात्र उरली. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात ती माजघराच्या भिंतीवर असायची: माझ्या छातीपर्यंत येईल एवढी लांब, दस्त्याला तारेने बांधलेली, नळीच्या खाली लोखंडी गज खोचलेला. ठासणीची बंदूक. आबांच्या माघारी ती पोलीस ठाण्यात जमा झाली आणि तात्यांनी मला पुण्याला फोन केला.

"वारसाचा अर्ज करायचाय. तू कंप्युटरवाला हायस, तूच भर."

मी परवान्याचं जुनं पुस्तक फोटो काढून मागवलं. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, 'पीक संरक्षण'. मी ते वाचून हसलो. आमच्या घरात त्या बंदुकीच्या जेवढ्या गोष्टी मी ऐकल्या, त्यातल्या एकीतही पीक नव्हतं. सगळ्या सांबराच्या, भेकराच्या आणि रात्री उशिरा शिजलेल्या मटणाच्या होत्या.

अर्ज बाजूला ठेवला आणि त्या दोन शब्दांच्या मागे लागलो. ते कुठून आले, एवढंच बघायचं होतं.

आधी यंत्र समजून घेऊ. ठासणीच्या बंदुकीत सगळा माल तोंडातून आत जातो. आधी मोजून दारू, म्हणजे काळी दारू. तिच्यात सोरा साधारण ७५ टक्के, कोळसा १५ आणि गंधक १०. कोळसा हलका आणि लवकर पेटणारा हवा, म्हणून आपल्याकडे तुराट्यांचा कोळसा चांगला मानत. दारूवर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग गजाने ठासायचं. मग शिशाची गोल गोळी, आणि ती घरंगळू नये म्हणून वर आणखी एक बोळा. पाखरांसाठी गोळीऐवजी छर्रे. शेवटी मागच्या बाजूला केप बसवायची, घोडा चढवायचा. एवढं करायला सरावलेल्या हाताला अर्धा-एक मिनिट लागतं. सांबर तेवढ्यात डोंगर उतरून गेलेलं असतं. म्हणजे बार एकच.

'बारा बोअर' हा शब्द आपण सिनेमात ऐकतो, त्याचा जन्मही या गोल गोळीतलाच. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. गणित करून बघितलं: एक गोळी ३७.८ ग्रॅमची, व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. लिंबोणीएवढा शिशाचा गोळा सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघाला, तर त्यात सुमारे १७०० ज्यूल ऊर्जा असते. जनावर पाडायला ती पुरेशी आहे. अडचण पुढे आहे. गोल गोळी हवेत लवकर मंदावते, आणि गुळगुळीत नळीतून निघताना तिला ठरावीक फिरकी मिळत नाही. वाटेत ती कुठल्या बाजूला झुकेल, ते तिचं तिलाच ठाऊक. आबा म्हणायचे, चाळीस पावलांच्या पुढं बार टाकणारा शिकारी नव्हे, दारू उधळणारा.

त्यामुळे या बंदुकीची शिकार म्हणजे मुख्यतः थांबणं. पाणवठ्यावर वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं, किंवा शेतातल्या माळ्यावर. नाहीतर गावातल्या पंधरा-वीस जणांनी हाका करून रान उठवायचं आणि बंदूकवाल्याने ओहळाच्या तोंडाशी उभं राहायचं. सह्याद्रीच्या या अंगाला सांबर आणि भेकर, ही खरी हरणं; इवलंसं पिसोरी दिसतं हरणासारखं, पण कूळ वेगळं. काळवीट आणि चिंकारा पूर्वेच्या माळरानातले. आपण त्यांनाही हरणंच म्हणतो, पण ती कुरंगांच्या कुळातली. त्यांची शिंगं गळत नाहीत, सांबराची गळतात.

केप ही गोष्ट तशी अलीकडची. ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या पाद्र्याने १८०७ साली घेतलं. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद होता आणि गारेच्या चापाची ठिणगी बघून पाखरं उडून जात, याचा त्याला वैताग होता. त्याच्याही आधी, आणि आपल्याकडे तर एकोणिसावं शतक बरंच पुढे जाईपर्यंत, चालायची ती तोड्याची बंदूक. सुताची जळती वात कानाशी लावून बार काढायचा. गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल इतकी ती साधी होती, म्हणूनच टिकली. पण रात्री जनावराची वाट बघत बसायचं आणि हातात धुमसती वात धरायची, हे किती अवघड असेल! जनावराला वास येणार आणि निखाराही दिसणार.

साताऱ्याला बंदुकीची आणि शिकारीची परंपरा जुनी. सातारा शहर वसवणाऱ्या छत्रपती शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता. वाघाच्या झडपेतून त्यांना वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. १८१८नंतर साताऱ्याला कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात तो मावळ्यांची तलवार आणि कोकणच्या हेटकऱ्यांची बंदूक वाखाणतो. नेम ही अशी आपल्या डोंगरातली जुनी विद्या होती. शांततेच्या दिवसात ती दुसरीकडे कुठे जिवंत राहणार? रानातच.

मग १८५७ आलं. साताऱ्यात रंगो बापूजींचा कट फुटला आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना मारण्यात आलं, काहींना फाशी देऊन, काहींना गोळ्या घालून, काहींना तोफेच्या तोंडी देऊन. त्याच सुमारास सांगलीपासून खाली धारवाडपर्यंतच्या दक्षिण मराठा मुलखात हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही. त्यांची हत्यारं हेच त्यांचं पोट होतं, राखणीचं आणि शिकारीचं. फौज आली, गाव जाळलं गेलं, लोक फासावर गेले. हलगली आज बागलकोट जिल्ह्यात आहे. नकाशावर बघितलं तर सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येईल.

पण मला खरा धक्का बसला तो १८७८ या सालाने. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक हत्यारांचा कायदा: परवान्याशिवाय बंदूक बाळगता येणार नाही, युरोपियनांना मात्र मोकळीक. दुसरा जंगलाचा कायदा: सरकारने राखीव ठरवलेल्या रानात नियम मोडून शिकार, फास, मासेमारी हा गुन्हा. हे दोन कायदे शाळेत मी वेगवेगळ्या धड्यांत शिकलो, एक राष्ट्रीय चळवळीच्या आणि एक पर्यावरणाच्या. डोंगरातल्या माणसाला मात्र ते एकत्रच भेटले. बंदूक गेली आणि ती जिथे चालायची ते रानही गेलं.

शिकार काही थांबली नाही. ती करणारे बदलले. साहेब आणि संस्थानिक काडतुसाच्या नव्या बंदुका घेऊन रानात जात आणि त्याला खेळ म्हणत. शेजारच्या कोल्हापुरात चित्ते पाळून काळविटांवर सोडत, तोही खेळ. फासेपारध्याने फास लावून तेच काळवीट धरलं, तर तो चोर. पुढे त्याच्या जमातीवरच गुन्हेगार असा शिक्का बसला, तो कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं. सगळीकडे असं झालं नाही. कुर्गच्या कोडवांना इंग्रजांनी परवान्यातून सूट दिली, ती अजून चालू आहे. माणूस राज्यकर्त्यांच्या बाजूचा असला की त्याची बंदूक परंपरा ठरते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा आला, आणि मला हवे असलेले दोन शब्द त्यात सापडले. तेराव्या कलमात लिहिलं आहे, की नागरिकाने ठासणीची बंदूक खरोखरीच्या पीक संरक्षणासाठी मागितली, तर परवाना द्यावा. ठासणीची बंदूक, असं नाव घेऊन! देशाच्या कायद्याने माझ्या आबांच्या भिंतीवरच्या वस्तूला नावाने ओळखलं होतं. त्यामागचा हिशोब मला असा दिसतो: हिच्यातून एकच बार निघतो, पावसात दारू भिजली तर तोही नाही. हिच्यावर दरोडा पडत नाही की बंड होत नाही. शेतकऱ्याला एवढी द्यायला हरकत नाही.

मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीला चाप बसला. त्याची गरज होती. चित्ता तोवर देशातून संपला होता, माळावरचे काळविटांचे कळप आटले होते. याच भागातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, तरुणपणी शिकारीच्या नादाने रानात हिंडलेले. त्यांनी पुढे बंदुकीऐवजी वही-पेन्सिल घेऊन तेच रान पाहिलं आणि १९८२ साली वानरांच्या टोळीवर 'सत्तांतर' लिहिलं. पण कायद्याने एक गाठ तशीच ठेवली. पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीने काही जनावरं मारता येतात, हे कलम आहे. परवानगी कागदावर मिळते, सांबर रात्री दोन वाजता येतं. म्हणजे १९५९च्या कायद्याने बंदूक पिकासाठी दिली आणि १९७२च्या कायद्याने पीक खाणाऱ्याकडे ती रोखायला बंदी केली. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. आबांच्या परवान्याचं मात्र दर वेळी नूतनीकरण होत राहिलं, आणि कारण तेच राहिलं.

ते कारण खोटं होतं का? पुण्यात बसून मला तसं वाटत होतं. गावी गेलो तेव्हा तात्यांना विचारलं. ते चिडले.

"मटण खाल्लं, हे खरं. पण बाराही महिने राखण कोण करत होतं? माळ्यावर थंडीत आबाच बसायचे ना? तू बसलास का कधी?"

नव्हतो बसलो. कोयना १९८५मध्ये अभयारण्य झालं, चांदोली २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१०मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्यासाठी गावं उठली, जनावरं वाढली. मी ट्रेकला जातो, गवा दिसला की फोटो टाकतो. तोच गवा तात्यांच्या नाचणीत उतरतो. सांगलीकडे सागरेश्वरला याचं आणखी वेगळं रूप दिसतं. धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर माणसांकरवी झाडं लावून जंगल उभं केलं. बाहेरून हरणं आणून सोडली. १९८५मध्ये त्याचं अभयारण्य झालं, जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं. हरणं एवढी वाढली की कुंपण ओलांडून आसपासच्या शिवारात चरायला लागली. माणसांनी हाताने वसवलेलं रान, आणि त्या रानाचा त्रासही शेजारच्या माणसांनाच. तिथल्या शेतकऱ्याला हरीण नको आहे असं नाही. रात्रभर जागून वर हरणाचा खर्चही आपणच का भरायचा, हा त्याचा प्रश्न आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणं, एवढं एक पाऊल मला दिसतं.

उलटी बाजूही आहे. सह्याद्रीत आजही शिकारी पकडले जातात तेव्हा जप्त मालात अनेकदा ठासणीचीच बंदूक असते. जिला बिनधोक समजून शेतकऱ्याला दिलं, तिचा एक बार एका भेकराला पुरतो. आणि नेम चुकला तर पोटात शिसं घेऊन जनावर दोन दिवस रानात फिरतं. आबांच्या एका गोष्टीत असं सांबर होतं. ती गोष्ट ते अर्धीच सांगायचे.

अर्ज भरायला मी आणि तात्या एका संध्याकाळी ओसरीवर बसलो. लॅपटॉपवर नाव, गट नंबर, क्षेत्र, पिकं, सगळं भरलं. गरजेच्या रकान्याशी थांबलो.

"तात्या, खरं सांगा. परत आली तर काय करणार तिचं?"

"नुसती दारू भरायची आन् बार काढायचा. आवाजानं गवा चार रात्री येत न्हाई."

"आणि गोळी?"

तात्या आत गेले आणि आबांचा डबा घेऊन आले. त्यात शिशाच्या सात-आठ गोळ्या होत्या, काळपट, हाताने ओतलेल्या, एकीलाही नीट गोलाई नव्हती. त्यांनी डबा माझ्याकडे दिला.

"ह्या तू ने पुण्याला. हितं नगं."

मी रकान्यात 'पीक संरक्षण' लिहिलं आणि अर्ज पाठवला. गोळ्या मी नेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन जमा केल्या, पावती घेतली, आणि ती परवान्याच्या जुन्या पुस्तकात ठेवली.