वानवळा आणि पाकपुस्तक

शेजारच्या घरीं आज काय रांधलें आहे हें जाणण्याची उत्कंठा फार जुनी आहे; पण तिचा इतिहास लिहावयास बसलें असतां साधनें हातीं लागत नाहींत. लढायांच्या बखरी झाल्या, देवस्थानांच्या सनदा जपून ठेवण्यांत आल्या, सावकारांच्या वह्या वाळवीनें खाऊनही पुष्कळ उरल्या. रात्रीं चुलीवर जें शिजलें तें मात्र त्याच रात्रीं संपलें. एका गृहिणीनें केलेला पदार्थ, किंवा निदान तो करण्याची रीत, दुसऱ्या घरच्या गृहिणीपर्यंत कशी पोंचली, एवढ्याच व्यवहाराचा मागोवा आम्हांस येथें घ्यावयाचा आहे. या व्यवहाराला मराठींत एक सुरेख शब्द आहे, तो वानवळा. नव्या धान्याचा, परसांतल्या पहिल्या भाजीचा, अथवा घरीं केलेल्या एखाद्या जिनसेचा नमुना म्हणून जो वांटा आप्तेष्टांकडे व शेजाऱ्यांकडे पाठवावयाचा, तो वानवळा. वाटीवर झांकण घालून ती मुलीच्या हातीं द्यावी, आणि परत येतांना ती रिकामी येऊं नये, हा दंडक कोणत्याही स्मृतिग्रंथांत नसतां घरोघर पाळला गेला आहे.

जुने पाकग्रंथ नाहींत असें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत अन्नभोगाचें सविस्तर प्रकरण असून, त्यांत मांड्यांचे पूर्वज जे मंडक, उडदाची इडरिका, धोसक, वड्यांचे प्रकार आणि मत्स्यमांसाचे पदार्थ हे सर्व वर्णिले आहेत. त्यानंतर पांचशें वर्षांहून अधिक काळानें, सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत, तंजावरच्या भोसले दरबाराच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त यानें ‘भोजनकुतूहल’ लिहिलें. त्यांतील जिलबीच्या कृतीकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४३ सालीं विद्वानांचें लक्ष वेधलें. तंजावरासच पुढें दुसऱ्या सरफोजी राजांच्या पदरीं मराठींतही पाकशास्त्र लिहिलें गेलें. परंतु हीं सर्व राजांचीं ताटें होत. सोमेश्वराच्या प्रकरणाचें नांवच अन्नभोग. तेथें अन्न भोगणारा बोलतो आहे, चूल फुंकणारी नव्हे.

सामान्य घरची रात्र या ग्रंथांत शोधूं नये. ज्या घरीं आठवड्यांतून चार रात्रीं पिठलें शिजतें, त्या घरचा कर्ता माणूस पिठल्याची कृती कशाला लिहून ठेवील? मौज अशी कीं असल्या गरीब शब्दांची नोंद घेतली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें. कॅप्टन मोल्सवर्थच्या मराठी कोशांत (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) पिठलें आहे, थालीपीठ आहे, कोशिंबीरही आहे. परक्याला तें विचारून घ्यावें लागलें, म्हणून तें कागदावर आलें.

मग घरच्या स्वयंपाकाची विद्या पसरली कशी? तिची पहिली वाहक म्हणजे सासरीं जाणारी मुलगी. कोंकणांतून घाटावर दिलेली मुलगी कुळथाचें पिठलें आणि नारळाच्या वाटपाची संवय बरोबर घेऊन येई, व तेथें बाजरीची भाकरी थापावयास शिके. सासूची पद्धत निराळी असली कीं माहेरची रीत वर्षानुवर्षें मुकी राही; सासूच्या पश्चात् ती एखाद्या सणावारीं डोकें वर काढी. या देवघेवींत मापें नव्हतीं. मीठ बेतानें, पाणी बोटाच्या पेराइतकें, तेल हात राखून, आणि भाजणी खमंग वास सुटेपर्यंत. ही भाषा अशास्त्रीय म्हणून हंसण्यावारी नेण्याचा मोह इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्यांस पुष्कळदां झाला आहे. आमच्या मतें ती अशास्त्रीय नसून समोरासमोरची होती. सांगणारी चुलीशीं बसली आहे, वास दोघींना एकदमच येतो आहे. तेथें तोळ्यामाशांची गरज कोणाला?

दुसरी वाहक स्वयंपाकीणबाई. ब्राह्मण घरांत स्वयंपाकास राहणाऱ्या बायांत विधवांचा भरणा मोठा असे. दिराच्या किंवा भावाच्या आश्रयास राहून, अगर परक्याच्या घरीं दरमहा थोड्या रुपयांवर, त्या दोन्ही वेळचा स्वयंपाक करीत. एका घरची आमटी दुसऱ्या घरीं, एका गांवची चटणी दुसऱ्या गांवीं, त्यांच्या हातांनीं गेली. आणि याच बायांना शास्त्रानें एकभुक्त राहण्यास सांगितलें होतें! दिवसांतून एकदां जेवावयाचें. रात्रीं फार तर कांहीं फराळाचें. म्हणजे ज्या रात्रीच्या जेवणाची चव घरांतील सर्वांनीं वाखाणली, त्याचा एक घांसही तें रांधणारीच्या तोंडीं जात नसे. नुसत्या वासावरून व रंगावरून मीठ बरोबर पडलें आहे कीं नाहीं हें ओळखणाऱ्या बायांची तारीफ आजही जुन्या घरांतून ऐकूं येते. त्या कौशल्यामागें काय होतें तें तारीफ करणाऱ्यांच्या सहसा मनांत येत नाहीं.

वानवळा म्हणजे निव्वळ स्नेहाचा ओघ, असें कोणी समजूं नये. वाटी कोठें जावी आणि कोठें जाऊं नये याचे नियम लहान मुलींनाही पाठ असत. पाण्यांत शिजलेला भात, मीठ घातलेली आमटी, हें खरकटें. तें जातीच्या व सोंवळ्याच्या कक्षेबाहेरून घरांत यावयाचें नाहीं. उलट तांदूळ, डाळ, गूळ, तूप असा कोरडा शिधा पुष्कळांकडून घेतां येई. या दोहोंच्या मधून गृहिणींच्या चातुर्यानें एक अरुंद वाट काढली. कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजविली कीं ती खरकटी होत नाहीं, ती दशमी झाली, आणि ती प्रवासांत बरोबर बांधून नेण्यास हरकत उरली नाहीं. आज आपण दशमी मऊपणासाठीं खातों. तिचा जन्म मऊपणासाठीं झालेला नाहीं. आणि गांवकुसाबाहेरच्या घरून वाटी येण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिकडे जाई तें उरलेलें, शिळें, आणि तेंही दुरून टाकलेलें. त्याला वानवळा म्हणत नसत.

येथें एक विसंगति नोंदविल्याशिवाय आमच्यानें पुढें जाववत नाहीं. ज्या घरांत शेजारच्या जातीचा भात चालत नसे, त्याच घरांत एकादशीच्या दिवशीं बटाटा, भुईमुगाचे दाणे आणि मिरची चालूं लागलीं. हीं तिन्हीं अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या काळापासून आपल्याकडे आलेलीं! सातासमुद्रांपलीकडील कंदमुळांना जें सोंवळें मिळालें, तें भिंतीपलीकडच्या माणसाला मिळालें नाहीं.

हा बांध फोडण्याचे यत्न झाले ते प्रथम पुरुषांकडून, आणि पुष्कळसे चोरून. मुंबईस १८४९ सालीं निघालेल्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन जातिभेद मोडीत, परंतु दारें लावून. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे आदि मंडळींपुढें चहाबिस्किटें आलीं. कोणी पेला तोंडास लावला, कोणी नुसता हातीं घेऊन खालीं ठेविला. पुढें नांवें छापून आलीं, ग्रामण्य झालें, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें आणि प्रायश्चित्तें घेण्यांत आलीं. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हें प्रकरण घराच्या आंतून कसें दिसलें तें कळतें. सभेंत तत्त्वाचा वाद होई. घरांत पंगतीला कोण येईल आणि कोण नाहीं हा रोजचा प्रश्न असे, आणि तो बायकांच्या वांट्याला येई. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, पतीच्या १८९५ मधील धर्मांतरानंतरही सोंवळें-ओंवळें पाळीत राहिलेली एक बाई हळूहळू कशी मोकळी झाली, याचें त्यांत जें वर्णन आहे त्याच्या तोडीचा पुरावा आम्हांस सुधारकांच्या सर्व व्याख्यानांत आढळला नाहीं.

आतां छापखान्याकडे वळूं. त्याच्याही पाठीशीं विटाळाची शंका लागली होतीच. छापील कागदास शिवण्यास कांहीं नैष्ठिक ब्राह्मण कचरतात असें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या पुस्तकांत नमूद केलें आहे. आणि गणपत कृष्णाजींनीं पंचांगें छापलीं तीं शाईंत चरबीऐवजीं तूप घालून, असें सांगतात. स्वयंपाकघरांतलें तूप असें आधीं छापखान्यांत गेलें; मग स्वयंपाकघरच पुस्तकांत आलें. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. (यांतील सूप म्हणजे वरण, विलायती सूपाशीं त्याचा संबंध नाहीं.) मराठींतील अगदीं आरंभींच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते, आणि लिहिणारा अद्यापि पुरुषच होता. त्यानंतर पस्तीस वर्षांनीं, १९१० मध्यें, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ बाहेर पडलें. मुंबईच्या पाठारे प्रभु समाजांतील या विदुषीनें शाकाहारी जिनसांबरोबर आपल्या ज्ञातीचे मासळीचे व मटणाचे प्रकारही खुशाल छापून टाकले. जे पदार्थ त्या समाजाबाहेर फारसे कोणास चाखावयास मिळाले नसते, ते पुस्तकाची किंमत देईल त्याच्या घरीं गेले.

आमच्या दृष्टीनें या इतिहासांतील मुख्य गोष्ट ती हीच. शिजलेला भात उंबरठ्यावर अडत होता. भाताची कृति मात्र आंत आली. पुस्तकाला जात विचारतां येत नाहीं, आणि विचारली तरी पान उलटून घरची चूल पेटवितां येते. प्रभूंचें कालवण ब्राह्मणीनें केलें नसेल, पण तिनें तें वाचलें, आणि त्यांतला मसाला वांग्याला लावून पाहिला असेल तर त्याला कोणाचें ग्रामण्य आडवें येणार होतें? सहभोजनाच्या सभांना जें दहापंधरा वर्षांत साधलें नाहीं त्यांतलें थोडें या मुक्या मार्गानें साधलें, असें आम्हांस वाटतें. थोडेंच म्हणतों, कारण यांत माणूस माणसाशेजारीं बसत नाहीं.

छापील कृतीला एक मोठी अडचण होती. सांगणारी समोर नाहीं, वास कागदाला येत नाहीं. म्हणून मापें आलीं. ऐंशी तोळ्यांचा किंवा सोळा छटाकांचा वजनी शेर एक, चिपट्या-कोळव्यांचा मापी शेर निराळा, आणि गांवोगांवचे मापी शेर एकमेकांशीं जुळत नसत. पुढें १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनेंमापें ठरलीं, १९५८ पासून तीं टप्प्याटप्प्यानें अमलांत आलीं, आणि जुन्या पुस्तकांतले पावशेर व अदपाव नव्या सुनांना कोड्यांत टाकूं लागले. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ निघालें. त्यांत बाईंनीं तराजू बाजूला ठेवून घरांतली वाटी आणि चमचा हींच मापें धरलीं. ज्या वाटींतून वानवळा जाई, तीच वाटी आतां प्रमाण झाली! परगांवीं व परदेशीं निघालेल्या मुलीच्या सामानांत हें पुस्तक घालण्याचा प्रघात पडला, आणि बाईंना ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हणूं लागले. हें बिरुद गमतीचें आहे तसें नेमकेंही आहे. सासूनें चुलीशीं बसवून शिकवावें तें काम पुस्तक करूं लागलें, आणि तें करतांना टोमणे मारीनासें झालें.

पंगतीचा प्रश्न पुस्तकानें सुटणारा नव्हता, तो पंगतींतच सुटावयाचा होता. पत्रकार अनंत हरि गद्रे यांनीं १९४० च्या पुढेंमागें ‘झुणकाभाकर सत्यनारायण’ चालविले. पूजेला अस्पृश्य मानलेल्या जातीचें दांपत्य बसे, आणि प्रसाद शिऱ्याचा नसून झुणकाभाकरीचा असे. प्रसादाची निवड आम्हांस फार मार्मिक वाटते. सर्व जातींच्या घरीं रात्रीं जें शिजतें तेंच त्यांनीं सर्वांच्या हातांवर ठेविलें.

मात्र वाढणारे बदलले तरी लिहिणारे बराच काळ बदलले नाहींत. पाकपुस्तकांचें कपाट भरत गेलें. त्यांत कोंकणस्थी, देशस्थी, सारस्वत, प्रभु, मराठा अशा अनेक घरांची रात्र उतरली. गांवकुसाबाहेरची चूल त्यांत क्वचितच दिसे. शाहू पाटोळे यांचें ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. मराठवाड्यांतील महार व मांग या जातींच्या घरीं काय शिजे, तें कशामुळें शिजे, आणि काय कधींच शिजूं शकलें नाहीं, हें त्यांनीं कृतींसह लिहिलें आहे. तूप-दुधाची गोष्ट तेथें नाहीं. तेल असलें तर थेंबाथेंबानें. मांसाच्या पट्ट्या उन्हांत वाळवून टंचाईच्या दिवसांसाठीं राखून ठेवावयाच्या, त्या चान्या. त्या कशा कापाव्या, कशा वाळवाव्या, हें आतां कोणाही गृहिणीस घरबसल्या वाचतां येतें. ‘सूपशास्त्र’ निघाल्यास त्या वर्षीं एकशेंचाळीस वर्षें झालीं होतीं.