अद्भुत लघु-ॲनिमेशनपटाची रचना

प्रथम संज्ञा निश्चित करू. अचल चित्र किंवा वस्तू यांचे चौकटीगणिक स्वतंत्र चित्रण करून पडद्यावर गतीचा आभास निर्माण करणे, म्हणजे ॲनिमेशन. सृष्टिनियमाचा हेतुपूर्वक केलेला भंग, म्हणजे अद्भुत. जेथे नियमच प्रस्थापित नाही तेथे भंग संभवत नाही. म्हणून अद्भुत कथेतही नियमाचे दर्शन आधी घडवावे लागते.

चौकटीगणिक चित्रणाचे दोन प्रकार, आणि दोहोंची उदाहरणे दादासाहेब फाळके यांच्या कार्यात मिळतात. (१) ‘अंकुराची वाढ’ (१९१२): येथे रोप स्वतः वाढते, कर्ता केवळ काळ संक्षिप्त करतो. (२) ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५): येथे काडी निर्जीव आहे, तिची सर्व गती कर्त्याने दिलेली. पहिल्या प्रकारात निसर्गाचा नियम अबाधित राहतो. उपरोक्त व्याख्येनुसार ॲनिमेशन ठरतो तो दुसराच, आणि अद्भुताला आश्रयही त्याचाच.

कथाबीज, स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक हे निर्मितीचे पूर्वटप्पे सर्वपरिचित आहेत. खरी परीक्षा गतिरचनेत होते. बेळगाव–लोंढा लोहमार्गावरील गुंजीचा परिसर पार्श्वभूमीस घेऊन कल्पना करू, की लावणीच्या दिवशी भाताचा तरवा (लावणीचे रोप) स्वतःच उठून खाचराकडे चालू लागला. तरवा चालतो, एवढाच नियमभंग. बाकी सर्व यथातथ्य हवे: मुळांना चिकटलेला चिखल खाली ओढतो, पाऊल उचलताना पाती मागे झुकतात, पाऊल टेकल्यावर शेंडा क्षणभर उशिरा स्थिरावतो. हा विलंब चितारला नाही, तर तरवा चालत नाही, सरकतो. आणि सरकणाऱ्या चित्रावर कोणाचाही विश्वास बसत नाही. गुरुत्वाकर्षण जितके काटेकोर, तितका चमत्कार ग्राह्य.

या काटेकोरपणाचे मूल्य श्रमात मोजावे लागते. सेकंदाला २४ चौकटी आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी धरले, तर १५ मिनिटांस २१,६०० चौकटी व १०,८०० चित्रे होतात. गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) सुमारे एवढ्याच लांबीचा आहे, आणि त्यातील चित्रे त्यांनी स्वतः रंगवली. एकाकी वृद्धा, तिचे मांजर आणि काडेपेट्यांवरील चित्रे एवढीच सामग्री. घराचे जग फिकट, पेटीतले जग रंगीत: म्हणजे नियम व भंग यांची सीमा येथे रंगानेच आखली आहे. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या लघुपटास तीन पुरस्कार मिळाले. माझ्या मते त्याचे श्रेष्ठत्व पेटीतल्या रंगांइतकेच त्या फिकट खोलीच्या संयमात आहे.

शेवटी ध्वनी. चित्र नियम मोडत असताना नियमाची बाजू ध्वनीने राखावी. तरव्याचे पाऊल चिखलातून सुटते, तो आवाज यंत्रावर रचू नये. लावणीच्या दिवसांत खाचरात उतरून, माणसाच्या पावलाचाच आवाज ध्वनिमुद्रित करावा.