सिंगरची दंतकथा आणि शिंप्याचे मशीन

१९२४ च्या उत्तरार्धात दिल्लीत गांधीजींना भेटायला रामचंद्रन नावाचा शांतिनिकेतनचा एक तरुण विद्यार्थी आला होता. यंत्रांना तुमचा सरसकट विरोध आहे काय, असे त्याने विचारले. गांधीजींनी उत्तर दिले, की हे शरीरही एक यंत्र आहे आणि चरखाही यंत्रच आहे. माझा विरोध यंत्राच्या वेडाला आहे. मग अपवाद कोणता, या प्रश्नावर त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. आजवर निघालेल्या मोजक्या उपयुक्त वस्तूंत त्यांनी त्याची गणना केली आणि त्यामागची एक गोष्टही सांगितली. बायको हाताने टाके घालत तासन्‌तास बसते हे सिंगरला पाहवले नाही आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र घडवले, अशी ती गोष्ट. हा संवाद त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘यंग इंडिया’त छापून आला.

गोष्ट सुंदर आहे. अडचण एवढीच, की ती खरी नाही. ती का रुजली आणि खरी गोष्ट कोणती, याचा शोध घेतला, तर घराघरांत शिरणाऱ्या यंत्रांविषयी आणि त्यांच्या नामवंत जनकांविषयी आपण जे बोलतो, त्यातले किती टिकते हे तपासता येते.

एका यंत्राचे अनेक बाप

आयझॅक मेरिट सिंगर (१८११–१८७५) हा मुळात नट. गावोगावी नाटके करत फिरणारा आणि अधूनमधून यंत्रांवर हात चालवणारा. १८५० मध्ये बोस्टनमधील ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी आलेले एक शिवणयंत्र त्याने पाहिले आणि त्यात सुधारणा केल्या. उभी सुई, कापड दाबून धरणारा पाय, सलग आणि वळणावळणाने शिवता येईल अशी रचना या त्याच्या सुधारणा महत्त्वाच्या होत्या, यात शंका नाही. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला पेटंट मिळाले. मात्र या उद्योगामागे पत्नीप्रेम शोधणे कठीण आहे. सिंगरचे एकाच वेळी अनेक संसार होते, निरनिराळ्या स्त्रियांपासून झालेली त्याची मुले वीसहून अधिक होती, आणि तो या धंद्यात पैशासाठी उतरला होता हे त्याने कधी लपवले नाही.

त्याच्या आधीही माणसे होतीच. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्येच पेटंट घेतले होते. पॅरिसमध्ये त्याची यंत्रे सैन्याचे गणवेश शिवत होती, तेव्हा पोटावर पाय येणार या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती फोडून टाकली. तिमोनिए १८५७ मध्ये गरिबीतच वारला. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३० च्या दशकात टोकाला भोक असलेली सुई आणि धोटा यांच्या साहाय्याने दोन दोऱ्यांची टीप घालणारे यंत्र तयार केले. पण त्याने वेळेवर पेटंटच घेतले नाही. शिवणकाम करणाऱ्या गरीब बायकांची रोजी जाईल, असे मुलीने बजावल्यामुळे तो थांबला, अशी कथा सांगतात. याच हंटने पुढे १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि चारशे डॉलरना ते विकून टाकले.

१० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळाले ते इलायस होव या मॅसॅच्युसेट्सच्या कारागिराला. होव आजारी आणि कफल्लक असताना त्याची पत्नी लोकांचे कपडे शिवून घर चालवत असे. गांधीजींनी सांगितलेली गोष्ट कुठे जुळलीच, तर ती इथे जुळते. पण तिचा शेवट गोड नाही. यंत्राला गिऱ्हाईक मिळेना म्हणून होव लंडनला गेला, तिथेही जम बसला नाही, आणि १८४९ मध्ये परतला तेव्हा पत्नी मृत्युशय्येवर होती. ज्या बाईचे कष्ट पाहून यंत्र निघाले म्हणतात, तिच्या वाट्याला त्या यंत्राचे सुख आले नाही.

पुढे होवने सिंगरवर दावा लावला आणि तो जिंकला. पेटंटांची भांडणे इतकी वाढली, की १८५६ मध्ये चार पक्षांनी आपापली पेटंटे एकत्र करून एक मंडळ स्थापन केले आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे दस्तुरी ठरवून घेतली. आज आपण ‘शिवणयंत्राचा जनक’ म्हणतो, तेव्हा खरे तर एका तडजोडनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ज्याचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत छापले गेले, त्याला जनक म्हणत असतो.

हप्ता नावाचा शोध

मग सिंगरचेच नाव का राहिले? याचे उत्तर त्याच्या भागीदाराकडे आहे. एडवर्ड क्लार्क हा वकील. १८५० च्या दशकात एका यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या वर होती आणि सामान्य अमेरिकन कुटुंबाला ती झेपणारी नव्हती. क्लार्कने १८५६ मध्ये हप्त्याने विक्री सुरू केली. थोडे पैसे आधी भरायचे, यंत्र घरी न्यायचे आणि उरलेली रक्कम दरमहा फेडायची. जुने यंत्र देऊन नवे नेण्याची सोयही त्यानेच काढली. दारोदार फिरणारे विक्रेते, दुकानात बसून शिवून दाखवणाऱ्या तरुणी, दुरुस्तीची सोय हे सारे त्यामागोमाग आले. पोलादी सुईपेक्षा हा हप्ता अधिक खोल शिरला, असे म्हणायला जागा आहे. आज फ्रिजपासून फोनपर्यंत आपण जे काही ईएमआयवर घेतो, त्याचा एक पूर्वज हा क्लार्क आहे. त्याचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकात नसते.

यंत्राने काम किती वाचवले, याचा त्या काळी व्हीलर अँड विल्सन कंपनीने केलेला हिशेब प्रसिद्ध आहे: पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला चौदा तासांहून अधिक, यंत्रावर साधारण सव्वा तास. हिशेब विक्रेत्याचा आहे हे धरले, तरी फरक प्रचंड आहे. प्रश्न असा, की ते वाचलेले तेरा तास गेले कुठे?

मध्यमवर्गीय घरांत ते बऱ्याच अंशी पुन्हा शिवणातच गेले. कपड्यांची संख्या वाढली, झालरी आणि चुण्या वाढल्या, मुलांच्या नीटनेटकेपणाची अपेक्षा वाढली. घरगुती यंत्रांनी गृहिणीचे काम कमी होण्याऐवजी वेगळ्या रूपात कसे वाढत गेले, हे रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार स्त्रीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. गरीब घरांत ते तास मालकाच्या पदरात पडले. लंडनच्या शिवणकऱ्या बायकांच्या हलाखीवरची टॉमस हूडची कविता १८४३ ची, म्हणजे यंत्राच्या आधीची. यंत्र आल्यावर ती हलाखी संपायला हवी होती. उलट नगामागचा दर घसरला आणि तेवढ्याच मजुरीसाठी अधिक नग शिवावे लागले. हप्त्यावर घेतलेले मशीन, हप्ता चुकला की परत नेले जाई.

न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांतील मुलींनी १९०९ मध्ये मोठा संप केला, तेव्हा सुया आणि वीज यांचे पैसे आमच्या पगारातून का कापता, ही त्यांच्या तक्रारींपैकी एक होती. त्यानंतर दोन वर्षे होण्याच्या आत, २५ मार्च १९११ रोजी, ट्रँगल शर्टवेस्ट या कारखान्यात आग लागली. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ जण मेले. त्यांतल्या बहुतेक नुकत्याच परदेशातून आलेल्या तरुण मुली होत्या. मशीन तेच. दिवाणखान्यात ते बाईच्या मालकीचे होते. इथे बाई मशीनच्या दावणीला बांधलेली होती.

ओसरीवरचे मशीन

हिंदुस्थानात सिंगर कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात पाय रोवू लागली. तिचा इथला कारभार दीर्घकाळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता. त्यांची अडचण न्यूयॉर्कच्या वरिष्ठांना सहज समजण्यासारखी नव्हती. धोतर, साडी, उपरणे, पागोटे या सगळ्यांना शिवण लागतच नाही! अंगभर वस्त्र नेसणाऱ्या समाजाला शिवणयंत्र विकायचे, म्हणजे आधी बंडी, सदरा, कोट, पोलके यांची चाल पडायला हवी. कपड्यांच्या रीती बदलल्या तेव्हा मशीन खपले आणि मशीन खपले तशा रीती आणखी बदलल्या. यात एकटे यंत्र कर्ते नव्हते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. अमेरिकेत हे यंत्र प्रथम गृहिणीचे म्हणून विकले गेले. आपल्याकडे ते आधी शिंप्याचे झाले. नामदेवांच्या ज्ञातीचा हा जुना व्यवसाय यंत्राने मोडला नाही, तर ओसरीवर, पेठेत, बाजाराच्या दिवशी झाडाखाली नव्याने मांडून दिला. तिमोनिएची यंत्रे फोडणारे शिंपी इथे दिसत नाहीत, कारण इथे मशीन शिंप्याच्या शत्रूच्या हाती नव्हते, त्याच्या स्वतःच्या पायाखाली होते. १९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ हे देशी मशीन तयार होऊ लागले आणि स्वातंत्र्यानंतर त्याचे नाव गावोगाव पोचले.

बाईच्या हाती मशीन आले ते उशिरा, आणि एकटे आले नाही. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांना शिक्षण, परिचर्या आणि शिवणकाम शिकवले जाऊ लागले. विधवेला किंवा परित्यक्तेला घराबाहेर न पडता चार पैसे मिळवता येतील, असा हा मार्ग होता. त्यामागे संस्था होती, शिकवणारी बाई होती, ओळखीतून मिळणारे काम होते. पुढे कितीतरी घरांत ब्लाऊज आणि परकर शिवून, साडीला फॉल लावून मुलांच्या फीचे पैसे उभे राहिले. तिथे मशीनने आयुष्य बदलले, हे निःसंशय. मात्र जिथे शिकवणारे कोणी नव्हते, किंवा कमाई घरधन्याच्या हाती जात होती, तिथे तेच मशीन कोपऱ्यात धूळ खात राहिले किंवा ओझे वाढवत राहिले. आज सरकारी योजनांतून शिलाई मशीन वाटले जाते, तेव्हाही मशीन मिळाले याने गोष्ट सुरू होते, संपत नाही.

पुतळा नसलेली यंत्रे

ज्या यंत्राने मराठी बाईची पहाट खरोखर बदलली, त्याच्या जनकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ते यंत्र म्हणजे पिठाची गिरणी. घराघरांत भल्या पहाटे जात्यावर बसणे हा शतकानुशतकांचा नेम होता. त्या श्रमातून किती ओव्या जन्मल्या, हे हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गोळा करविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांवरून कळते. गावात इंजिनावरची गिरणी आली आणि ते दळण संपले. त्याबरोबर बायकांची एकमेकींशी आणि स्वतःशी बोलण्याची एक जागाही गेली, हेही नोंदवले पाहिजे. या एवढ्या मोठ्या उलथापालथीला नायक नाही. गिरणीवाल्याची तसबीर कोणी लावली नाही.

उलट खिशातल्या फोनला नायक आहेत. जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तो प्रसंग आता दंतकथेत जमा झाला आहे. मात्र त्या फोनच्या पोटातले इंटरनेट आणि जीपीएस सरकारी पैशातून, असंख्य अनाम अभियंत्यांच्या हातून घडले. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात मोबाइलवर पहिले संभाषण झाले, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि गवंडी, भाजीवाली, रिक्षावाला यांच्या हाती फोन दिसू लागला. नवे उपकरण १९९५ सालीच आले होते. बदल घडवला तो दराने. क्लार्कचा हप्ता आणि हा दर ही सख्खी भावंडे आहेत.

याचा अर्थ शोधक फसवे असतात, असा नव्हे. होवची चिकाटी खरी होती, सिंगरची कारागिरीही खरी होती. एकाच माणसाला सारे श्रेय देणारी कथा चुकते, कारण ती किंमत, मालकी, शिक्षण, मजुरीचा दर या गोष्टी नजरेआड करते. आणि आयुष्य तर त्यांनीच बदलते किंवा बदलत नाही.

गांधीजींना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याच संवादात रामचंद्रनने पुढचा प्रश्न टाकला होता: शिवणयंत्र हवे, तर ते बनवणारा कारखानाही हवा ना? गांधीजींनी ते मान्य केले आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा सरकारच्या नियंत्रणाखाली असावेत, असे सांगितले. सिंगरच्या पत्नीची गोष्ट त्यांनी ऐकीव सांगितली. पण मालकीचा मुद्दा मात्र त्यांनी नेमका पकडला.

पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा होत्या: यंत्र हलके असावे, खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे, बाईला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नसावी, ते वीस वर्षे टिकावे आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च अल्प असावा. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र स्पर्धेत उतरले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

चरख्याच्या अर्थकारणाविषयी मतभेद असोत. पण यंत्राची परीक्षा घेणारी ही प्रश्नपत्रिका आजही जुनी झालेली नाही. तिच्यात सर्वांत आधी वापरणारीची पाठ, तिची झोपडी आणि तिची मिळकत यांची विचारपूस आहे. शोधकाचे नाव सर्वांत शेवटी, तेही फक्त बक्षिसाची रक्कम कोणाला द्यायची एवढ्यापुरते.