दारोदार फिरून उभा राहिलेला विषय

१८९६ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे काळे अमेरिकन अभ्यासक फिलाडेल्फियात आले. हार्वर्डची डॉक्टरेट गाठीशी होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना शहरातल्या काळ्या वस्तीची पाहणी करायला सांगितलं, वर्गात शिकवायला मात्र उभं केलं नाही. डुबॉइस त्याच वस्तीत, सातव्या वॉर्डातच राहिले. दारोदार जाऊन मजुरी, घरभाडं, शिक्षण, आजारपण विचारत राहिले. नकाशे रंगवले, वस्तीचा जुना इतिहास धुंडाळला. १८९९ मध्ये त्यातून ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ निघाला. ही माणसं गरीब का, याचं उत्तर एकट्या अर्थशास्त्रात सापडत नव्हतं, एकट्या इतिहासातही नाही. आफ्रिका आणि जगभर विखुरलेले तिचे वंशज यांच्या अभ्यासात, म्हणजे ‘आफ्रिकाना’ अभ्यासात, आज अनेक विद्याशाखा एकत्र येतात, त्याचं मूळ मला या पायपिटीत दिसतं.

पुढची कित्येक वर्षं गोऱ्यांच्या विद्यापीठांनी या विषयाला फारसं दार उघडलं नाही. साधनं जपली ती बाहेरच्यांनी. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये काळ्यांच्या इतिहासासाठी संस्था काढली. पोर्तो रिकोचे आर्तुरो शॉम्बर्ग नोकरी सांभाळून पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत राहिले. १९२६ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला.

दार उघडलं ते विद्यार्थ्यांनी. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ ला संप सुरू झाला. लाठ्या चालल्या, अटका झाल्या, तरी तो मार्चपर्यंत टिकला आणि ‘ब्लॅक स्टडीज’चा विभाग मिळाला. त्याचा आराखडा करणारे नेथन हेअर यांची नोकरी मात्र गेली, हे विसरता कामा नये.

१९६९ च्या एप्रिलमध्ये कॉर्नेल विद्यापीठात काळ्या विद्यार्थिनींच्या निवासापुढे क्रूस जाळला गेला; काळ्यांना धमकावण्याची ती जुनी रीत. दुसऱ्या दिवशी काळ्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची विलार्ड स्ट्रेट हॉल ही इमारत ताब्यात घेतली. शरद सत्रात तिथे आफ्रिकाना अभ्यास केंद्र उघडलं. पहिले संचालक जेम्स टर्नर यांनी आफ्रिका, कॅरिबियन आणि अमेरिका वेगवेगळ्या खात्यांत न वाटता एकाच अभ्यासक्रमात आणली. १ एप्रिल १९७० ला केंद्राची इमारत कुणीतरी पेटवली. ग्रंथ, कागदपत्रं जळाली. केंद्राने दुसऱ्या जागेत काम पुढे चालू ठेवलं, ते आजही चालू आहे.