नकोसा स्पर्श आणि कायदा

गारगोटीच्या बाजारात दाटी झाली म्हणजे खांद्यास खांदा लागतो, एकाची पिशवी दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटते, आणि कोणी त्याचा विषाद मानीत नाही. परंतु त्याच गर्दीचे निमित्त करून कोणी मुद्दाम अंगचटीस आला, तर तत्काळ शब्द उमटतो, ‘अंगाला हात लावायचं काम नाही!’ दोहोंतही जखम नाही, रक्त नाही. मग पहिला स्पर्श निर्दोष आणि दुसरा अपराध कशाने ठरतो?

जुन्या धर्मशास्त्रात ह्या अपराधास ‘दंडपारुष्य’ म्हणत. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर आपली ‘मिताक्षरा’ रचिली, तीत दुसऱ्याच्या अंगास राख, चिखल वा धूळ लावणारास 10 पण दंड सांगितला आहे. थुंकी किंवा अमंगळ पदार्थ लावल्यास दुप्पट. येथे इजा पाहिली नाही, अपमान पाहिला, हे स्मृतिकाराचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु लागलीच तराजू वाकडा होतो. हा दर सारख्यांपुरता. श्रेष्ठाच्या बाबतीत दंड दुप्पट, कनिष्ठाच्या बाबतीत निम्मा. शिवाय चांडाळाने उच्च वर्णाच्या मनुष्यास नुसते शिवणे हा 100 पणांचा अपराध! म्हणजे एकाच्या केवळ शिवण्याची किंमत दुसऱ्याने फासलेल्या चिखलाच्या दसपट झाली.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. स्पर्श नकोसा वाटला, एवढ्यानेच तो अपराध ठरविला, तर शिवाशिवीलाही कायद्याचे पाठबळ मिळेल. आमच्या कोल्हापूर संस्थानात 1919 साली शाळा, पाणवठे व दवाखाने ह्यांतून अस्पृश्यता हटविण्यासाठी शाहू छत्रपतींस हुकूम काढावे लागले. वैद्याने रोग्याच्या नाडीस हात लावावा म्हणून राजाज्ञा लागावी, ही केवढी नामुष्की!

इंग्लंडात 1704 साली सरन्यायाधीश होल्ट ह्यांनी ह्याच प्रश्नास वेगळ्या बाजूने हात घातला. रागाने केलेला अल्पसा स्पर्शही अपराध होय. परंतु अरुंद वाटेने जाताना दोघांचा सहज धक्का लागला तर तो नव्हे. धसमुसळेपणाने वाट काढली तर मात्र पुन्हा अपराध, असा तो निर्णय. आमच्या बाजारासही तो जसाच्या तसा लागू पडावा. 1860 च्या दंडसंहितेने हेतू व संमती ह्यांवरच भर दिला. दुसऱ्यास इजा, भीती किंवा त्रास व्हावा म्हणून त्याच्या संमतीवाचून बळ वापरणे पुरेसे. स्त्रीच्या तोंडावरील पदर मुद्दाम ओढणे, हे तर संहितेतीलच उदाहरण आहे. वर्णावरून दंड कमीअधिक करण्याची सोय तीत उरली नाही. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी ही व्याख्या कायम आहे.

तथापि तराजू पुन्हा वाकडा झालाच. 19 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे ठरविले की, बालिकेचे वस्त्र मध्ये होते, कातडीस कातडी लागली नाही. सबब 2012 च्या बालसंरक्षण कायद्यातील लैंगिक हल्ला झालाच नाही. विनयभंगाची सौम्यतर शिक्षा तेवढी राहिली. स्मृतिकाराने कोणी कोणास शिवले ते पाहिले. येथे कापड पाहिले. महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात विचारले, हातमोजे घालून आलेला सुटणार काय? त्या न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी हा निर्णय रद्द केला व मुख्य गोष्ट हेतू होय, असे स्पष्ट केले.

दिवाणी बाजू मात्र आमच्याकडे दुबळीच राहिली. अपकृत्यांची संहिता भारतात झाली नाही; इंग्रजी निवाड्यांच्या आधारावरच काम चालते. त्यांत ज्यास ‘बॅटरी’ म्हणतात (रात्री वाटेवर उजेड पाडणारीशी तिचे काही नाते नाही), तिच्याबद्दल भरपाई मागता येते, आणि इजा झाल्याचे सिद्ध करावे लागत नाही. परंतु कोर्ट-फी भरून, वकील देऊन, तारखांमागून तारखा सोसून नुसत्या स्पर्शाबद्दल दावा लावणारा विरळाच. असले प्रसंग फौजदारीकडेच जातात, आणि तेथे दंड झाला तरी तो बहुधा सरकारजमा होतो.