११ एप्रिलचा मातृदिन

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की आपली स्टेटसं आईच्या फोटोंनी भरतात. पिठोरी अमावास्येचा आपला मातृदिनही आहेच. आज मात्र मी तिसऱ्या दिवसाबद्दल बोलणार आहे: ११ एप्रिल, राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन. ही कस्तुरबा गांधींची जयंती.

कस्तुरबा म्हणजे फक्त 'गांधीजींच्या पत्नी' नव्हेत. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत कोर्टाने ख्रिश्चन पद्धतीने न झालेली लग्नं अमान्य ठरवली. त्याविरुद्ध सत्याग्रहात उतरलेल्या बायकांच्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. शिक्षा झाली तीन महिने सक्तमजुरी. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गांधीजींना अटक झाली, तेव्हा शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्या जागी बोलायला कस्तुरबा निघाल्या. त्यांनाही पकडलं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या गेल्या. त्यांची समाधी तिथेच आहे.

आणि एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांचं पहिलं बाळ जन्मल्यावर तीन-चार दिवसांतच गेलं. तेव्हा त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

आता जरा अमेरिकेत जाऊ. १८७० मध्ये ज्युलिया वॉर्ड हाउ यांनी जगभरातल्या बायकांना आवाहन केलं: युद्धं थांबवायला एकत्र या. त्यांना मातृदिन हवा होता तो शांततेसाठी. पुढे अ‍ॅना जार्विस यांच्या प्रयत्नांतून १९१४ ला तिथे सरकारी मातृदिन आला, पण त्यात युद्धाचा विषयच नव्हता. राहिली फुलं आणि कार्डं.

आपल्या ११ एप्रिलमागे मात्र मागणी आहे: बाळंतपणात एकाही बाईचा जीव जाऊ नये. व्हाइट रिबन अलायन्स या संघटनेने पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये सरकारने हा दिवस जाहीर केला. तेव्हा देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर.

३३ म्हणजे शून्य नव्हे. आपल्याच नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवर रात्री कळा सुरू झाल्या, तर वेळेवर गाडी मिळणं हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. म्हणून ११ एप्रिलला स्टेटस ठेवाच, पण त्यात १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबरही टाका. कुणाच्या तरी आईला लागतील.